वत्सगुल्माचे राज्य आणि मेजावरचे कारस्थान

गेल्या अर्धशतकात जगात कथा सांगण्याचा एक नवा प्रकार रुजला. त्याची दखल मराठी समीक्षेने अजून फारशी घेतलेली नाही. इंग्रजीत त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आम्ही त्याला भूमिकाखेळ म्हणू. चार-सहा माणसे एका मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. जगाचे वर्णन करणे, राजे, दरोडेखोर, वाटसरू यांच्या तोंडची भाषा बोलणे आणि नियमांचा निवाडा करणे हे त्याचे काम. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते काय करते, काय बोलते हे आयत्या वेळी ठरवतात. जिथे यश अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. अशी एक मोहीम काही महिने, कधी काही वर्षेही चालते. संहिता आधी लिहिलेली नसते आणि प्रेक्षकही वेगळा नसतो.

दशावतारी नाटक ज्यांनी कोकणात पाहिले आहे, त्यांना हा प्रकार अगदीच परका वाटणार नाही. तिथेही कथानक ठाऊक असते, पण संवाद नटांनी रंगमंचावर उभ्या उभ्या रचायचे असतात. भेद एवढाच, की दशावतारात शेवटी राक्षस पडणार हे सर्वांना माहीत असते; भूमिकाखेळात शेवट कोणालाच माहीत नसतो.

या खेळात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उद्भवतो आणि साहित्याच्या दृष्टीने तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कथेत राजकारण आले, कारस्थान आले, की कथा रंगते. पण त्याच कारस्थानाने खेळणाऱ्यांची मैत्री तुटते. मंत्र्याने राजाला फसवले की आपण वाहवा म्हणतो. मात्र ते मंत्री आणि राजा जेव्हा एकाच मेजावर बसलेले दोन मित्र असतात, तेव्हा त्यांपैकी एक जण घरी जाताना गप्प असतो. असे का व्हावे? कारस्थानाचा रस आणि माणसांचे सख्य ही दोन्ही एकत्र नांदू शकतात की नाही?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वाशिमपेक्षा योग्य जागा शोधून सापडणार नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आज शांत, शेतकरी मुलूख आहे. पण वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली वाशिमला सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटाने ही शाखा इतिहासाला नीट कळली. तिचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले आणि तिथल्या लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी प्रदेशांची भली मोठी यादी राजाच्या नावाशी जोडली. हे सारे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्यानंतर फार काळ लोटण्यापूर्वीच हे राज्य नाहीसे झाले.

ते कसे नाहीसे झाले हे कोणताही शिलालेख सांगत नाही. मात्र सुमारे दोन शतकांनंतर दंडीने लिहिलेल्या 'दशकुमारचरिता'च्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाच्या एका राज्याच्या नाशाची कथा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी असे मांडले की, या कथेतला पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि त्याचा मुलगा अनंतवर्मा म्हणजे हरिषेणाचा दुर्बळ वारस. नावे बदलली असली तरी आठवण खरी आहे. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनीही या मताचा मोठा आधार घेतला. हे अनुमान सर्वांना मान्य नाही, आणि आमच्या विवेचनाला ते तसे मान्य असण्याची गरजही नाही. कारस्थान कसे चालते याचे इतके बारकाईचे चित्र आपल्या प्राचीन गद्यात क्वचितच आढळते, एवढे आम्हाला पुरेसे आहे.

त्या ग्रंथाची रचनाच पाहावी. राजवाहन आणि त्याचे नऊ सोबती अशी दहा तरुणांची टोळी दिग्विजयाला निघते, पांगते, आणि पुन्हा भेटल्यावर प्रत्येक जण आपली हकिगत आपल्याच तोंडाने सांगतो. सातव्याचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी दुखावलेले असल्याने तो प, फ, ब, भ, म ही अक्षरे टाळून बोलतो. एका मेजाभोवती बसून आपापल्या पात्राचे पराक्रम सांगणाऱ्या आजच्या मंडळींना हे वाचताना आपलेच पूर्वज भेटल्यासारखे वाटेल.

आठवी हकिगत विश्रुताची. विंध्यारण्यात त्याला एक भुकेला राजपुत्र आणि त्याचा वृद्ध सेवक नालीजंघ भेटतो, आणि नालीजंघ विदर्भाची कहाणी सांगतो. पुण्यवर्मा गेला, अनंतवर्मा गादीवर आला. तो बुद्धिमान होता, कलांत निपुण होता. पण दंडनीतीकडे त्याचे लक्ष नव्हते. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला एकांतात उपदेश करतो. राजा ऐकतो आणि अंतःपुरात जातो. तिथे विहारभद्र नावाचा गमत्या दरबारी त्या उपदेशाची अशी टर उडवतो की हसू आवरत नाही. विष्णुगुप्ताने मौर्यासाठी सहा हजार श्लोकांत शास्त्र आटवून ठेवले आहे म्हणे. ते शिकता शिकता म्हातारपण येईल! दिवसाचे आठ भाग, रात्रीचे आठ भाग, प्रत्येकात एक काम. मग राजाने जेवावे केव्हा, झोपावे केव्हा? विहारभद्र खोटे फारसे बोलत नाही. खऱ्या गोष्टी तो चुकीच्या दिशेने रचतो.

मग येतो चंद्रपालित. अश्मकाचा राजा वसंतभानू याच्या मंत्र्याचा हा मुलगा, बापाने हाकलून दिल्याचे सोंग करून विदर्भात शिरलेला. त्याच्याबरोबर गायक, नर्तकी आणि वेष पालटलेले हेर. तो राजाच्या प्रत्येक व्यसनाचे गुण गातो. मृगयेने शरीर हलके होते. द्यूतात धनाची रास गवतासारखी सोडता आल्याने मन उदार होते. राजाला जे ऐकायचे आहे तेच तो शास्त्राच्या भाषेत सांगतो. इकडे हेर सैन्य पोखरतात. अखेर वसंतभानू वनवासीच्या भानुवर्म्याला चिथावतो, अनंतवर्मा नर्मदेच्या तीरावर तळ देतो, आणि समोरून शत्रू व पाठीमागून स्वतःचेच मांडलिक अशा दुहेरी माऱ्यात पडतो.

आमच्या दृष्टीने कथेचा मर्मभाग यापुढे आहे. लूट वाटायची वेळ येते. ज्याने हे सारे घडवून आणले तो वसंतभानू म्हणतो, ज्याने जसे श्रम केले तसा वाटा घ्यावा; मी जे द्याल त्यात संतुष्ट आहे. या उदारपणाच्या आडून तो मांडलिकांत भांडण लावतो, ते एकमेकांना संपवतात, आणि त्यांचे सर्वस्व तो आपल्या पदरात पाडून घेतो. वनवासीच्या राजाला थोडे काही देतो आणि विदर्भ गिळतो.

भूमिकाखेळात मित्रांची भांडणे होतात ती जवळजवळ याच क्षणी होतात. शत्रू समोर असतो तोवर टोळी एक असते; शत्रू पडला, खजिना उघडला, की प्रत्येकाला आपले श्रम आठवतात. पण मेजावरचा खरा खजिना सोने नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. कागदावरच्या मोहरांना किंमत नसते. खरी मौल्यवान वस्तू म्हणजे बोलण्याची पाळी, सूत्रधाराचे लक्ष, आणि आपल्या कृतीने कथा वळल्याचे समाधान. जो खेळाडू सूत्रधाराला बाजूच्या खोलीत नेऊन अर्धा तास गुप्त मसलत करतो, तो इतर चौघांचा अर्धा तास नेतो. कारस्थान कितीही चतुर असले तरी त्या चौघांना ते दिसत नाही. त्यांना दिसते ते बंद दार.

हा दोष या खेळाच्या जन्मापासूनचा आहे. १९६९ साली अमेरिकेतील मिनियापोलिस येथे डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातले एक काल्पनिक जर्मन गाव मांडले आणि सैन्याच्या सेनापतींशिवाय गावातल्या इतर माणसांच्या भूमिकाही खेळाडूंना दिल्या. प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे. झाले असे की खेळाडू सूत्रधाराला सोडून आपसातच खलबते करू लागले, आणि आपला प्रयोग फसला अशी वेस्लीची समजूत झाली. खेळणाऱ्यांना मात्र तो इतका आवडला की त्यांनी पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. त्यांतलाच डेव्ह आर्नेसन पुढे गॅरी गायगॅक्सला मिळाला आणि १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. म्हणजे या प्रकारात कारस्थान मागाहून शिरलेले नाही. राक्षस आणि जादू यांच्या आधी तिथे कारस्थान होते.

मग ते मित्रांना का सोसत नाही? आमच्या मते याचे उत्तर कथनाच्या तंत्रात आहे. दंडीच्या कथेत गुपिते पुष्कळ आहेत, पण वाचकापासून एकही लपलेले नाही. चंद्रपालित हेर आहे हे अनंतवर्म्याला ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'तही हेच. राक्षस जाळ्यात कसा ओढला जातो हे प्रेक्षक पायरीपायरीने पाहतो आणि त्या पाहण्यातच रस आहे. ज्या कारस्थानाचा पत्ता प्रेक्षकालाही शेवटपर्यंत लागत नाही, त्याने फार तर एक धक्का बसतो. धक्क्याचा रस क्षणभर टिकतो.

भूमिकाखेळात प्रेक्षक कोण? मेजावरचेच सारे. तेच नट, तेच प्रेक्षक. तेव्हा एका खेळाडूने आपले कारस्थान बाकीच्यांपासून पूर्ण लपवले, तर तो नटांना फसवतोच, शिवाय एकुलता एक प्रेक्षकवर्गही उठवून देतो. महिनोन्महिने चाललेला डाव शेवटी उलगडतो तेव्हा फसवलेला मित्र दाद देत नाही, कारण दाद देण्यासारखे काही त्याने पाहिलेलेच नसते. उलट, जिथे पात्राला ठाऊक नाही पण खेळाडूला ठाऊक आहे, तिथे तोच मित्र आपल्या पात्राला आनंदाने खड्ड्याकडे चालवत नेतो. आपला विश्वासू सेवक हेर आहे हे जाणणारा खेळाडू राजाच्या तोंडून त्याच सेवकाची स्तुती करतो, आणि सारे मेज हसते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सर्व आधीच उघड असेल, तर चुरस ती काय? मित्राला खरोखर चकवण्यात जो कस लागतो तो कुठे राहिला? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ॲलन कॅल्हॅमर या अमेरिकन गृहस्थाने १९५९ साली प्रसिद्ध केलेला 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ याचे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीची युरोपातली सात राष्ट्रे, सात खेळाडू, फासे नाहीत. प्रत्येक फेरीआधी हवी ती वचने द्यावीत, मग आपले हुकूम कागदावर लिहावेत. सर्वांचे कागद एकदम उघडले जातात. दिलेले वचन पाळण्याचे बंधन नाही. इथे विश्वासघात हाच खेळाचा आत्मा आहे आणि तो निर्मळ मनाने खेळता येतो.

पण का खेळता येतो ते पाहिले पाहिजे. पहिले कारण, वचन मोडले जाईल हे बसतानाच सर्वांना सांगितलेले असते. दुसरे, कोणाहीकडे लपवलेला अधिकार नसतो आणि प्रत्येकाला तीच शस्त्रे मिळतात. तिसरे, आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे, एका बैठकीत तो संपतो; फ्रान्स बुडाला म्हणून फ्रान्स खेळणाऱ्याचे वर्षभराचे काही बुडत नाही. मोहिमेचे तसे नाही. तिथे पात्र महिन्यामहिन्यांनी घडत गेलेले असते. त्याला आईबाप असतात, वैरी असतात, एखादी न फेडलेली शपथ असते. ते पात्र एका रात्री सोबत्यानेच मारले, तर खेळाडूची एक सोंगटी गेली असे होत नाही. त्याने अर्धवट लिहिलेली कथा दुसऱ्याने फाडलेली असते. एका खेळाची नीती दुसऱ्यात उचलून नेण्याने किती मेजे मोडली असतील!

इथेच ते प्रसिद्ध समर्थन पुढे येते: मी काय करणार, माझे पात्रच तसे आहे. समीक्षक म्हणून आम्हाला हे वाक्य मान्य नाही. पात्र तसे आहे, कारण लेखकाने ते तसे योजले. आणि भूमिकाखेळात खेळाडू हाच लेखक आहे. दंडीला कोणी विचारले असते की चंद्रपालित इतका कपटी का, तर त्याने काय करू, स्वभावच तसा, असे उत्तर दिले नसते. त्याला कथेसाठी तसा माणूस हवा होता. दशावतारात राक्षसाचे सोंग घेणारा नट तलवार उगारतो ती समोरच्याला लागणार नाही अशा बेताने, आणि वेळ आली की पडतोही डौलात. खलपात्र खेळणाऱ्याकडे औदार्य अधिक लागते, कमी नव्हे.

आता एक अवघड गोष्ट. कथेच्या उत्तरार्धात विश्रुत अनाथ राजपुत्राचा कैवारी होतो. अनंतवर्म्याची राणी वसुंधरा मुलांसह माहिष्मतीला, पतीच्या सावत्र भावाच्या आश्रयाला गेलेली. तो तिच्यावर वाईट नजर ठेवतो आणि मुलाच्या जिवावर उठतो. विश्रुत काय करतो? विषारी पाण्यात बुडवलेली फुलमाळ राणीच्या हाती पोचवतो. मी पतिव्रता असेन तर ही माळ तुला तलवार होवो, असे म्हणून ती त्याला मारते, तो मरतो. मग तीच माळ उताऱ्याच्या पाण्यात बुडवून मुलीच्या गळ्यात घातली जाते आणि लोक राणीच्या सतीत्वाचा प्रभाव मानतात. पुढे देवीच्या मूर्तीखालच्या पोकळीत लपून विश्रुत राजपुत्रासह प्रकटतो आणि हा देवीचा प्रसाद म्हणून प्रजेला सांगतो. राज्य परत मिळवण्याची वाट अशी सुरू होते.

हेतू न्याय्य, साधन तेच. वसंतभानूने राजाच्या विलासाचा उपयोग केला, विश्रुताने प्रजेच्या श्रद्धेचा. दंडीला याचा संकोच वाटत नाही. तो चातुर्याचा चाहता आहे. आम्हाला मात्र वाचताना अडखळायला होते, आणि आमच्या वाचकांनाही होईल असे वाटते. साध्या माणसांच्या भक्तीला राजकारणाचे हत्यार केलेले पाहून खळखळून दाद देणे जमत नाही. आणि हे अडखळणे हाच या साहित्यप्रकाराचा खरा लाभ ठरू शकतो. ग्रंथ वाचताना आपण विश्रुताला थांबवू शकत नाही. मेजावर थांबवता येते. कोणी तरी विचारू शकतो, हा खोटा चमत्कार आपण खरेच करायचा का? त्या प्रश्नावर पाच जणांनी घातलेला वाद एखाद्या प्रवचनापेक्षा अधिक खोल जाऊ शकतो.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठी आवई उठली होती. पुस्तकांत राक्षस आणि मंत्र आहेत, तेव्हा मुले सैतानाच्या नादी लागतील, अशी भीती काही पालकांनी आणि धर्मोपदेशकांनी पसरवली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतली तरुण मंडळी आता हा खेळ खेळतात. त्यांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येईल. त्या भीतीचे निशाण चुकले होते असे आम्हाला वाटते. नैतिक प्रश्न पुस्तकातल्या चित्रांत नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण कसे वागतो यात होता. पात्राने पात्राला दिलेला शब्द मोडणे ही कथा आहे. माणसाने माणसाची संध्याकाळ, त्याचा विश्वास, त्याने रचलेले काही महिन्यांचे काम त्याला न विचारता वापरणे, ही कथा नव्हे.

म्हणून राजकारणी मोहिमेचा चांगला सूत्रधार सुरुवातीलाच दोन गोष्टी विचारून घेतो: या टोळीत आपसातले वैर चालणार का, आणि चालले तर कुठवर. या विचारण्याने रस कमी होत नाही. 'मुद्राराक्षसा'च्या प्रेक्षकाला चाणक्याचा डाव आधी कळल्याने नाटक फिके पडले नाही.

दंडीचा ग्रंथ आज आपल्याला आरंभ आणि शेवट हरवलेल्या स्थितीत मिळतो. पूर्वपीठिका इतरांनी लिहिली, उत्तरपीठिकाही. आणि वसंतभानूचा पराभव या नंतरच्या हाताने लिहिलेल्या भागात येतो. एकाची कथा दुसऱ्यांनी पुरी करावी ही रीत आपल्या परंपरेला नवी नाही. कोणी उद्या वत्सगुल्माच्या राज्यावर एखादी मोहीम मांडली, तर आम्हाला आनंदच होईल. वसंतभानू व्हायला, विश्रुत व्हायला पुष्कळ पुढे येतील. त्या मोहिमेची परीक्षा मात्र अनंतवर्म्याच्या भूमिकेत होईल. राज्य जाणार आहे हे पहिल्या दिवशीच ठाऊक असूनही जो ती मागून घेईल, आणि विहारभद्राच्या विनोदावर मनापासून हसेल, त्याला सोबत्यांनी अखेरपर्यंत सांभाळले पाहिजे. तो सांभाळला गेला तर नर्मदेच्या तीरावर राजा पडेल, आणि तो खेळणारा पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच मेजावर येऊन बसेल.